कॅमेरा आपल्या दाराकडे, शेजारच्या ओट्याकडे नको

कॅमेरे बसवण्यासाठी आमचा माणूस जागा बघायला आला की आधी गच्चीवर जातो. गिऱ्हाईक हसतं, "चोर काय गच्चीवरनं येणारेत?" (येतातही कधीकधी.) पण तो बघतो ते वेगळंच: इथून शेजाऱ्यांचं काय काय दिसेल? सोलापूरच्या उन्हाळ्यात कितीतरी घरं रात्री गच्चीवर झोपतात, आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याला अंधार आडवा येत नाही.

ओट्यांचंही तसंच. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर दारात विड्या वळत बसतात. समोरचा कॅमेरा सरळ लावला तर चोर वर्षातून एकदा दिसेल न दिसेल, त्या मात्र रोज दिसतील. म्हणून कॅमेरा उंच लावून आम्ही खाली झुकवतो. आपलं फाटक, गाडी, पायऱ्या आल्या की पुरे. तरीही शेजारची खिडकी येतच असेल तर डीव्हीआरच्या (रेकॉर्डिंगच्या डब्याच्या) सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो. तेवढा भाग काळा होतो, रेकॉर्डिंगमध्येही येत नाही. याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. मग शेजाऱ्यांना बोलावून मोबाइलवर चित्र दाखवा. पुढची बरीच भांडणं वाचतात.

न्हाणीघराकडे तोंड करून किंवा भाडेकरूच्या खोलीत कॅमेरा आम्ही लावत नाही, कितीही आग्रह केलात तरी. संमतीशिवाय कुणाच्या शरीराचा खासगी भाग टिपला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ईखाली ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

घरातच यंत्रमाग असेल तर शेडमधला माईक बंद ठेवा. खटखटाटात तसंही काही ऐकू येत नाही, आणि कामगारांच्या गप्पा ऐकून करायचंय काय? कॅमेरा आहे अशी पाटी मात्र लावा.

हार्डडिस्कचा हिशेब असा: ४ कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे दिवसाला सुमारे ८६ जीबी. १ टीबी साधारण ११ दिवसांत भरते, मग जुन्यावर नवं चढतं. चोरी झाली तर जुनं पुसलं जायच्या आधीच फुटेज काढून पोलिसांना द्या, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

पासवर्ड आम्ही तुमच्याच हातानं बदलून घेतो. आम्हालाही सांगू नका. कॅमेरे दुसऱ्या कुणी बसवले असतील तर आजच ॲपमधली शेअरची यादी उघडा. बसवणाऱ्याच्या मोबाइलवर तुमचं घर अजून दिसत असेल.