बॅटरी बसली की सेल्फ अडकला?

गाडी आठ दिवस नीट लागते आणि नवव्या दिवशी चावी फिरवली की नुसतं ‘टक’. पुन्हा फिरवली की लागते. यावर पहिला सल्ला ठरलेला असतो: बॅटरी बदल. नवी बॅटरी बसते, पंधरा दिवस बरे जातात आणि नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला इंजिन बंद केलं की पुन्हा तेच ‘टक’. दोष सेल्फमध्ये, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या स्टार्टर मोटरमध्ये होता. उलटही घडतं. सेल्फ उतरवून कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) बदलले जातात आणि बिघाड निघतो बॅटरीच्या पोटात. कधी लागणारी, कधी न लागणारी गाडी अंदाजाने दुरुस्त करायला गेलं की खिसा दोनदा रिकामा होतो.

आधी कान द्या. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर सोलेनॉइड (सेल्फवरचा, मोटरला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) खेचला जातोय, पण मोटरने करंट ओढताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत चढतं, तो पुन्हा खेचला जातो. म्हणजे पुरवठा कमी पडतोय: बॅटरी किंवा तिचं कनेक्शन. एकच ठळक ‘टक’ आणि पुढे शांतता असेल तर संशय सेल्फवर. सोलेनॉइडने आपलं काम केलं, पण त्याच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेले असतात किंवा कार्बन ब्रश झिजून आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, नीट टेकत नसतात.

आवाजाइतकाच डॅशबोर्ड बोलतो. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझायला आले तर दोष पुरवठ्यात; दिवे जसेच्या तसे राहिले आणि ‘टक’ झालं तर करंट मोटरमध्ये शिरतच नाहीये. बऱ्याच गाड्यांत आणखी एक खूण सापडते, तिच्याकडे कुणी बघत नाही: घड्याळ 12:00 वर आलं किंवा ट्रिप मीटर शून्य झालं. व्होल्टेज तळाला गेल्याशिवाय हे सहसा होत नाही. निव्वळ सेल्फचा दोष असेल तर घड्याळ बिनघोर चालू राहतं.

वेळही साक्ष देते. डिसेंबरच्या पहाटे निफाडचा पारा एक आकडी होतो, तेव्हा बॅटरीची ताकद उतरलेली असते आणि इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं. पहाटे कुरकुरणारी आणि दुपारी झटक्यात लागणारी गाडी बहुधा बॅटरीची रोगी. मे महिन्यात कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलात आणि दहा मिनिटांनी गाडी लागेना, अर्ध्या तासाने मात्र लागली, तर ती सेल्फची तक्रार. इंजिनाच्या उष्णतेने वाइंडिंगचा (मोटरमधल्या तांब्याच्या वेटोळ्यांचा) रोध वाढतो, झिजलेले ब्रश आणि बुश (दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) तापल्यावर आणखी त्रास देतात.

आता मल्टिमीटर, 20 व्होल्ट डीसीवर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या खुंट्यांवर 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे निम्मी. पण निव्वळ या आकड्यावर भरवसा नको. आत एखादा जोड तडकलेली बॅटरी उभ्या गाडीत 12.5 दाखवते आणि सेल्फ मारताच 3-4 व्होल्टवर आपटते. तडा पुन्हा टेकला की सगळं सुरळीत. दुसऱ्याला चावी फिरवायला सांगून मीटर बघा. 9.6 च्या वर राहिलं आणि इंजिन जोमाने फिरलं तर बॅटरी ठीक. 12 च्या वरच राहिलं आणि फक्त ‘टक’ झालं तर दोष सेल्फचा किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या जाड वायरचा. हे मोजमाप गाडी अडलेली असतानाच घ्यायचं. लागणाऱ्या गाडीवरचे आकडे फारसे काही सांगत नाहीत.

बॅटरी आणि सेल्फ या दोघांच्या मध्ये एक तोतया लपलेला असतो: टर्मिनल (बॅटरीची खुंटी आणि तिच्यावर आवळलेला वायरचा क्लॅम्प) आणि अर्थिंग (निगेटिव्ह खुंटीपासून इंजिन-बॉडीला जाणारी जोडणी). पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण 150 अँपिअर ओढतो असं धरलं, तर खुंटी आणि क्लॅम्पमध्ये 0.01 ओहमचा रोधही दीड व्होल्ट गिळतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांच्या टर्मिनलवर बुरशीसारखा हिरवट-पांढरा क्षार धरतो, तो हेच करतो. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर ठेवा. 0.3 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग पट्टा साफ करून आवळा. पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत 0.5 च्या आत हवं. सफाईसाठी 10 नंबरचा पाना, गरम पाणी, खायचा सोडा आणि तारेचा ब्रश पुरतो. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची जोडवायर) लावून गाडी लागली म्हणजे बॅटरी गेली, हा सगळ्यात फसवा निष्कर्ष. जंपरचा चिमटा क्लॅम्पवर लावला की सैल खुंटी वळसा घालून टळते आणि चांगली बॅटरी दोषी ठरते. धक्क्यानेही काही ठरत नाही. सेल्फ खराब असो की बॅटरी अशक्त, मॅन्युअल गाडी दोन्ही वेळा धक्क्याने लागू शकते.

सेल्फवर टोला मारून बघायचा जुना उपाय खरा आहे: अडकलेला ब्रश हलतो आणि मोटर फिरते. पण गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि टोला हलका. हल्लीच्या अनेक सेल्फमध्ये कायमचुंबक असतात, ते हातोड्याने तुटतात. मोठ्या बोल्टच्या जवळ लोखंड नेऊ नका, तिथे बॅटरीची वायर चोवीस तास जिवंत असते. टोल्याने लागली तर ब्रश संपत आलेत. अशा वेळी पूर्ण सेल्फ विकत घेण्याआधी कार्बन सेट, बुश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलून मिळतात का ते विचारा.

आणि ‘टक’सुद्धा येत नसेल? मग दोघांनाही तूर्त सोडा. क्लच पूर्ण दाबून बघा, ऑटोमॅटिक असेल तर पी ऐवजी एनमध्ये टाकून बघा, चावीचा इमोबिलायझर (चोरीपासून बचाव करणाऱ्या कुलपाचा) दिवा लुकलुकतोय का बघा. नंतर स्टार्टर रिले (चावीच्या इशाऱ्यावर सोलेनॉइडला करंट देणारा छोटा स्विच) आणि सोलेनॉइडवरची बारीक वायर तपासा. चावी स्टार्टवर धरल्यावर त्या वायरवर 10 व्होल्टसुद्धा येत नसतील, तर सेल्फला कुणी हाकच मारलेली नाही.