चार आवाजांचा एक स्वर : स्त्रियांच्या बार्बरशॉप गायनाची पार्श्वभूमी

बार्बरशॉप म्हणजे वाद्यांच्या साथीशिवाय चार वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गाण्याचा अमेरिकन प्रकार; तो चौघांच्या चौकडीत किंवा मोठ्या कोरसमध्ये गातात. स्त्रियांच्या बार्बरशॉप कोरसमध्ये नव्याने आलेल्या गायिकेला तालमीच्या खोलीत साथीचे एकही वाद्य दिसत नाही. पिच पाइपवर, म्हणजे सुरुवातीचा स्वर देणाऱ्या छोट्या फुंकणीवर, एक स्वर फुंकला जातो आणि पुढचा सगळा भार गळ्यांवर असतो. आवाजाचा पल्ला पाहून तिला टेनर, लीड, बॅरिटोन किंवा बेस यांपैकी एका गटात बसवतात. मूळ चाल लीडकडे असते, टेनर तिच्या वरून हलक्या आवाजात गाते, बेस पाया धरते आणि बॅरिटोनच्या वाट्याला उरलेला स्वर येतो. तो कधी चालीच्या वर असतो, कधी खाली, त्यामुळे बॅरिटोनची ओळ सुटी ऐकली तर गाणे ओळखूही येत नाही. गाणाऱ्या सगळ्या स्त्रिया असल्या तरी नावे मात्र पुरुषांच्या चौकडीतलीच आहेत, कारण हा प्रकार त्यांच्यापर्यंत तिथूनच आला.

त्या चौकडीचेही मूळ आणखी मागे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुण केशकर्तनालयांत आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर जमून, कागदावर काहीही न लिहिता, कानाने स्वर जुळवत गात असत. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर पोरवयाचा लुई आर्मस्ट्राँग अशाच एका चौकडीत गात होता. पुढे रंगमंच आणि ध्वनिमुद्रिकांमुळे ही गायकी गोऱ्या गायकांकडे गेली आणि पट्ट्यापट्ट्यांचे कोट घातलेले चार गोरे पुरुष हेच तिचे चित्र रूढ झाले. संशोधक लिन अ‍ॅबट यांनी १९९२ मध्ये तिच्या कृष्णवर्णीय उगमाची सविस्तर मांडणी केली, तोवर बहुतेक गाणाऱ्यांनाही याचा विसर पडलेला होता.

१९३८ मध्ये ओक्लाहोमातील टल्सा येथे ओवेन कॅश आणि रूपर्ट हॉल यांनी या गाण्याच्या जतनासाठी पुरुषांची संघटना स्थापन केली. जतन कोणाच्या वारशाचे, हा प्रश्न १९४१ मध्येच पुढे आला. न्यूयॉर्कमधील ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या हमालांची ‘रेड कॅप्स’ ही कृष्णवर्णीय चौकडी स्थानिक फेरी जिंकून राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडली गेली होती, परंतु संघटनेने तिला प्रवेश नाकारला. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी निषेध म्हणून संघटनेचा राजीनामा दिला.

या संघटनेत स्त्रियांनाही जागा नव्हती. १३ जुलै १९४५ रोजी टल्सामध्येच एडना मे अँडरसन यांनी काही जणींना आपल्या घरी जमवले. त्यांतल्या अनेकींचे पती बार्बरशॉप गात होते आणि आपणही गावे अशी त्यांची साधी इच्छा होती. त्यातून ‘स्वीट अ‍ॅडलाइन्स’ ही स्त्रियांची संघटना उभी राहिली. दुर्दैवाने पुरुषांच्या संघटनेतली वर्णबंदीही तिने उचलली. सदस्यत्व गोऱ्या स्त्रियांपुरते ठेवण्याच्या नियमाविरुद्ध न्यू इंग्लंडमधील काही शाखा बाहेर पडल्या आणि १९५९ मध्ये त्यांनी ‘हार्मनी इन्कॉर्पोरेटेड’ स्थापन केली. १९६३ मध्ये कॅनडातील ओरिलियाच्या शाखेला एका कृष्णवर्णीय गायिकेला सदस्य करून घेण्याची परवानगी मिळाली नाही, तेव्हा ती शाखाही हार्मनी इन्कॉर्पोरेटेडमध्ये गेली. स्वीट अ‍ॅडलाइन्सने तो नियम १९६६ मध्ये काढून टाकला, आणि पुरुषांच्या संघटनेने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले ते थेट २०१८ मध्ये. तोवर स्त्रियांचे बार्बरशॉप अमेरिकेबाहेरही रुजले होते. २०१३ मध्ये स्वीट अ‍ॅडलाइन्सची कोरस स्पर्धा जिंकणारा र्‍योनिंगे शो कोरस स्वीडनचा होता.

एवढ्या उलथापालथीत शिकण्याची पद्धत मात्र फारशी बदललेली नाही, आणि माझ्या मते या परंपरेतला सर्वांत अस्सल भाग तोच आहे. अनेक कोरसमध्ये स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येण्याची अट नसते; स्वतःची ओळ मोठ्याने आणि बाकीच्या तीन हळू ऐकू येतील असे ध्वनिमुद्रण घरी दिले जाते. ती ओळ पाठ झाली की खरे काम सुरू होते. बार्बरशॉपची ओळख असलेल्या स्वरगुच्छात सा, ग, प आणि कोमल नी कंपनसंख्यांच्या ४:५:६:७ या प्रमाणात बसवायचे असतात. त्या प्रमाणातला कोमल नी पियानोवरच्या कोमल नीपेक्षा अर्धस्वराच्या जवळजवळ एकतृतीयांशाने उतरलेला असतो. म्हणजे पियानोवरून ओळ घोकलेल्या गायिकेला तो नव्याने शोधावा लागतो. चौघी प्रमाणात बसल्या आणि सगळ्यांचा ‘आ’ किंवा ‘ओ’ एकाच घडणीचा झाला की कोणीच न गायलेला एक उंच स्वर खोलीत वाजू लागतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकला आहे त्यांना हा अनुभव अगदीच परका वाटणार नाही.

नव्या गायिकेला तो स्वर बहुधा पहिल्यांदा ऐकू येतो तो ‘टॅग’मध्ये. टॅग म्हणजे गाण्याचा शेवटचा काही मात्रांचा तुकडा. तालीम संपल्यावर एखादी जुनी सदस्य दारापाशी तिला थांबवते, तिची ओळ दोनदा गाऊन दाखवते, आणखी दोघींना हाक मारते, आणि चौघी खांद्याला खांदा लावून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा गात राहतात.