मणका मोडला म्हणजे नेमकं काय मोडलं?

मणक्याला फ्रॅक्चर आहे म्हटलं की घरातले सगळे हादरतात, आता हा माणूस परत चालणार का एवढंच डोक्यात येतं. पण हाडं ठिसूळ झालेल्या आजीचा एसटीच्या मागच्या सीटवर खड्ड्याच्या दणक्याने दबलेला मणका आणि माडावरून पडलेल्या माणसाचा चुरा झालेला मणका यात जमीनअस्मानाचा फरक असतो. डॉक्टर आधी बघतात ते हाड किती मोडलं यापेक्षा आता मणका जागेवर राहील का सरकेल, कारण आतून मज्जारज्जू जातो.

१९८३ मध्ये मणक्याचे सर्जन फ्रान्सिस डेनिस यांनी यासाठी एक सोपी कल्पना मांडली, मणक्याचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन खांब धरायचे. फक्त पुढचा दबला तर मणका पाचरीसारखा होतो, हे कॉम्प्रेशन फ्रॅक्चर, बहुतेक वेळा पट्टा आणि औषधांवर भागतं. मधलाही फुटला तर बर्स्ट, यात हाडाचा तुकडा मागे मज्जारज्जूच्या नळीत घुसू शकतो. तिसरा प्रकार मला सगळ्यात विलक्षण वाटतो, कारमध्ये फक्त कमरेचा बेल्ट असेल तर धडकेत शरीर बेल्टवर दुमडतं आणि मणका मागून फाटत येतो. एक्स-रे तज्ज्ञ जॉर्ज चान्स यांनी १९४८ मध्ये अशा फ्रॅक्चरचं वर्णन केलं म्हणून त्याला चान्स फ्रॅक्चर म्हणतात, आणि यात आतड्यालाही मार असू शकतो म्हणून पोट तपासायलाच हवं. चौथ्यात तिन्ही खांब जातात, मणका सरकतो, हा सगळ्यात धोक्याचा.

यातली बरीच फ्रॅक्चर्स छाती आणि कंबर जिथे जुळतात तिथेच होतात, कारण वर बरगड्यांनी घट्ट धरलेला भाग संपतो आणि खाली वाकणारा भाग सुरू होतो, सगळा ताण त्या सांध्यावर.

२००५ पासून या भागासाठी गुण मोजायची पद्धतही आली, तुटण्याचा प्रकार, नसांची अवस्था आणि मागचे लिगामेंट्स (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे) या तिन्हींना गुण द्यायचे. साधं बर्स्ट असेल तर २, नसा आणि लिगामेंट्स शाबूत तर ० आणि ०, एकूण २ म्हणजे सहसा ऑपरेशन नको. तेच बर्स्ट पण मज्जारज्जूला अर्धवट इजा असेल तर आणखी ३, झाले ५, आणि ५ किंवा जास्त असेल तर ऑपरेशनचा सल्ला देतात. ४ आला तर दोन्ही मार्ग मोकळे, तिथे डॉक्टरांचा अनुभव लागतो. आणि लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, म्हणून एक्स-रे काढलेला असूनही डॉक्टर एमआरआय सांगतात.