कच्चा लिंबू आणि कपाळामागचा मेंदू

दिवाळीत दारव्ह्याजवळ आमच्या गावी गेलो होतो. मारुतीच्या पारामागे पोरं कंचे खेळत होती. काळ्या मातीत टाच फिरवून केलेली गल, पाच-सहा पावलांवर ओढलेली रेघ. एकाचा कंचा तुराटीच्या काडीला अडला आणि तो ओरडला, "काडी लागली, परत मारतो!" दुसरा म्हणे, "नाही बे, असं ठरलंच नोतं!" खेळ थांबला, हुज्जत सुरू. शेवटी ठरलं, काडी लागली तर एकदा माफ. पण आधी ‘माफ’ म्हणेल त्यालाच. पारावरचे काका म्हणाले, "पोट्टे खेळते कमी अन् भांडते जास्त." मला मात्र त्या भांडणातच खरी गंमत दिसली.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी अशीच गोट्या खेळणारी मुलं गाठली, जिनिव्हा आणि नूशातेलमध्ये. त्यांचं पुस्तक १९३२ सालचं. नियम कोणी केले, बदलता येतात का, असं ते विचारत. लहानगी सांगत की नियम मोठ्यांनी घालून दिलेत, बदलणं चूक. प्रत्यक्षात मात्र ती आपल्याच मनाने खेळत! दहा-अकराच्या पुढची मुलं म्हणत, सगळे कबूल असतील तर बदलू.

म्हणजे नियम कळणं वेगळं आणि बदललेला नियम हातात उतरणं वेगळं. याचा सुंदर पुरावा पत्त्यांच्या एका साध्या खेळात मिळतो. समोर दोन डबे. एकावर निळ्या सशाचं चित्र, दुसऱ्यावर लाल होडीचं. मुलाच्या हाती येतात लाल ससे आणि निळ्या होड्या. आधी रंगाने वाटायचे. तीन वर्षांचं मूल हे बिनचूक करतं. मग सांगायचं, आता रंग नाही, आकार बघ. ते मूल लाल ससा पुन्हा लाल होडीकडेच टाकतं. फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की त्याच मुलाला "ससा कुठे जायचा?" विचारलं तर ते बरोबर डबा दाखवतं, आणि पत्ता हाती येताच चुकीच्या डब्यात टाकतं! चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं हे जमवतात.

असं का होतं? नवा नियम धरून ठेवायचा आणि त्याच वेळी जुन्याला दाबायचं, ही दुहेरी कसरत आहे. तिचा मोठा भार कपाळामागच्या भागावर, म्हणजे अग्रखंडाच्या पुढच्या पट्ट्यावर पडतो. हा भाग पक्का व्हायला विशी उलटते. प्रौढांच्या अशाच एका चाचणीत दहा पत्ते सलग बरोबर लागले की नियम न सांगता बदलतात. ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये नोंदवलं की अग्रखंडाचा काही भाग काढलेले रुग्ण ‘चूक’ असं ऐकूनही जुन्याच नियमाला चिकटून राहतात. माकडांच्या याच भागात, ‘सारखं निवड’ या नियमाला एक पेशी जोरात पेटते आणि ‘वेगळं निवड’ला दुसरी, मग चित्र कुठलंही असो; हे २००१ मध्ये दिसलं. नियम अमूर्त खरा, पण मेंदूत त्याची खूण पेशींच्या विद्युत स्पंदांत मोजता येते! आपणही यातून सुटलेलो नाही. नियम बदलला की उत्तराला क्षणभर उशीर होतो, आणि आधी सूचना मिळाली तरी तो पूर्ण जात नाही.

मुलांच्या मेंदूच्या नावावर तालुक्याच्या गावी ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे, म्हणजे मध्यमेंदू ‘जागा करायचे’, वर्ग चालतात, हजारो रुपये घेऊन. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं म्हणे. ते नाकाजवळच्या फटीतून खाली बघतं, एवढंच. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, तो बंद पडला तर माणूस शुद्धीवरच राहायचा नाही. आईबापांनी कष्टाचा पैसा यात घालू नये.

पोरांनी मात्र कपाळामागच्या कच्चेपणावर उपाय कधीच काढलाय : कच्चा लिंबू. पारामागे एक चार वर्षांचा होता. नियम बदलला तरी तो जुन्याच रेघेवरून मारायचा, त्याला कोणी आउट करत नव्हतं. मोठे खेळतात ते बघत बघत तो शिकत होता.

चौथ्या दिवशी मी निघालो, तेव्हा काडीच्या नियमाला नवं कलम जोडलं होतं. तुराटीची काडी माफ, पऱ्हाटीची नाही. आणि अडलेली काडी उचलून ती कशाची हे बघायचं काम कच्च्या लिंबाकडे होतं.