‘ऑनलाइन शिक्षण’: एका शब्दाने केलेला गोंधळ

मुलांनी वर्गात शिकावे की पडद्यासमोर, हा वाद 2020 चा म्हणून ओळखला जातो. पण लहान मुलांना शाळेबाहेर शिकवण्याचे प्रयत्न त्याआधी शंभर वर्षे चालू होते, आणि त्यांपैकी बहुतेकांत एक गोष्ट समान होती: मुलाशेजारी बसलेला मोठा माणूस.

ऑस्ट्रेलियात दूरच्या वस्त्यांवरच्या मुलांना 1914 पासून टपालाने धडे जाऊ लागले. 1951 मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून रेडिओवर वर्ग सुरू झाला, तेव्हाही घरी आई किंवा नेमलेली शिक्षिका मुलाचा अभ्यास करून घेत असे. मेक्सिकोत 1968 पासून माध्यमिकचे धडे टीव्हीवरून दाखवले गेले, मात्र मुले एका खोलीत जमत आणि सोबत एक शिक्षक असे. भारतात 1975-76 मध्ये उपग्रहावरून सुमारे 2400 खेड्यांत पोहोचलेले मुलांचे कार्यक्रमही मुलांनी शाळेत एकत्र बसूनच पाहिले.

याला एक जुना अपवाद आहे. 1937 च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत पोलिओची साथ आली आणि शाळा उघडल्याच नाहीत. तिसरी ते आठवीच्या सुमारे सव्वातीन लाख मुलांसाठी रेडिओवर पाव-पाव तासाचे पाठ लावले गेले, वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापले गेले. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांचे काय, आणि पाठाचा वेग झेपला नाही तर मुलाने विचारायचे कोणाला, हे दोन्ही प्रश्न तेव्हाच पुढे आले होते. काही आठवड्यांत शाळा उघडल्या आणि प्रश्न मागे पडले.

2020 च्या मार्चमध्ये मात्र कोरोनाच्या साथीमुळे शाळा जवळपास जगभर एकाच वेळी बंद झाल्या आणि जे काही सुरू झाले त्या सगळ्याला ‘ऑनलाइन शिक्षण’ हे एकच नाव मिळाले. मोबाइलवर आलेला गृहपाठाचा फोटो, चाळीस चौकोनांचा व्हिडिओ वर्ग, आधी रेकॉर्ड केलेला तास, सगळे त्यातच. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या काही संशोधकांनी जाहीरपणे हरकत घेतली. नीट आखलेला ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायला सहा ते नऊ महिने लागतात. आता चालले आहे ते आणीबाणीतले दूरस्थ अध्यापन आहे, त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, असे त्यांचे म्हणणे होते.

फरक योग्य होता. पण त्यांच्यासमोर विद्यापीठाचे अभ्यासक्रम होते, सात वर्षांचे मूल नव्हते. पुढे हाच शब्दप्रयोग ढालीसारखा वापरला गेला: मुलांचे नुकसान दाखवले की ‘ते खरे ऑनलाइन नव्हतेच’ असे उत्तर मिळू लागले. हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण पूर्ण तयारीनिशी चालणाऱ्या ऑनलाइन शाळा अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून होत्या. तिथे लहान वर्गांसाठी पालकाने दिवसातले काही तास मुलासोबत बसावे, अशी अपेक्षाच असे. तरीही अशा सरकारी खर्चाने चालणाऱ्या ऑनलाइन शाळांवरच्या 2015 च्या एका मोठ्या अभ्यासात, त्यांतली मुले तशाच पार्श्वभूमीच्या इतर मुलांच्या तुलनेत वाचनात 72 आणि गणितात 180 शालेय दिवसांइतकी मागे दिसली. 180 दिवस म्हणजे तिथले पूर्ण शालेय वर्ष. हे आकडे साथीच्या पाच वर्षे आधीचे आहेत.

साथीच्या काळातले आकडे त्याच दिशेने जातात. नेदरलँड्समध्ये शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या आणि घरोघरी इंटरनेट होते. तिथेही प्राथमिकच्या मुलांचे सरासरी नुकसान वर्षाच्या एक पंचमांश निघाले, म्हणजे शाळा बंद होती साधारण तेवढ्याच काळाचे. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचे नुकसान त्याहून बरेच जास्त होते. शेजारी बसून समजावणारे कोणी नसले की जोडणी वेगवान असूनही काय होते, ते इथे दिसते. जगात किमान 46 कोटी मुलांपर्यंत तर दूरस्थ शिक्षणाचा कोणताही प्रकार पोहोचू शकला नाही. युगांडात शाळा जानेवारी 2022 मध्ये पूर्णपणे उघडल्या, तेव्हा जवळपास दोन वर्षे उलटली होती.

गोंधळ हजेरीच्या पटावरही उमटला. वर्गात ‘हजर’ म्हणजे काय हे कधी ठरवावे लागले नव्हते. आता लॉग-इन केले की हजर, कॅमेरा चालू असला की हजर, की संध्याकाळी वही पाठवली की हजर, याचे नियम जागोजागी वेगळे झाले. त्यामुळे त्या काळातल्या हजेरीच्या टक्केवाऱ्या एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत.

शाळा उघडल्या तरी शब्द मागे राहिला आणि त्याबरोबर सवयही. न्यूयॉर्कमध्ये बर्फाची सुट्टी रद्द करून तो दिवस ऑनलाइन भरवण्याचे ठरले. 13 फेब्रुवारी 2024 ला असंख्य मुलांना सकाळी लॉग-इनच करता आले नाही. दिल्लीत नोव्हेंबर 2024 मध्ये हवा बिघडली तेव्हा वर्ग पुन्हा पडद्यावर गेले. अशा दिवशी आई-वडील कामावर असतील तर मुलाशेजारी कोण बसणार, याचे उत्तर घराघरावर सोडलेले आहे.