सत्तावीस ठोकळ्यांचा घन

सात वेडेवाकडे लाकडी तुकडे घ्यायचे आणि त्यांचा ३×३×३चा घन रचायचा. ‘सोमा’ कोडं ते एवढंच. डेन्मार्कच्या पीट हाइनला ते १९३०च्या दशकात सुचलं म्हणतात, तेही वर्नर हायझेनबर्गच्या पुंजभौतिकीवरच्या व्याख्यानात बसल्या बसल्या. तिथे अवकाशाचे घन पाडण्याची गोष्ट चालू होती आणि याच्या डोक्यात भलतंच शिरलं. तीन किंवा चार सारखे ठोकळे चिकटवून जे जे सरळ पट्टी किंवा चौरस नसलेले आकार होतात, ते सगळे मिळून एक घन होईल? तीन ठोकळ्यांचा असा आकार एकच, चारांचे सहा. ३ आणि २४ मिळून २७. हिशेब जमला आणि तुकडेही बसले!

जात मात्र जुनी. ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या, जादूचा नाद असलेल्या लंडनच्या बॅरिस्टरने १८९३च्या पुस्तकात सहा चपट्या तुकड्यांचा असाच घन दिला होता. पहिला तुकडा दोन ठोकळ्यांचा, शेवटचा सातांचा. त्याची उत्तरं १३. पोलंडचे गणिती यान मिकुसिन्स्की यांच्या सहा तुकड्यांच्या घनाची तर दोनच.

सोमा घरोघरी गेला तो मार्टिन गार्डनर यांच्यामुळे. ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या त्यांच्या सदरात सप्टेंबर १९५८मध्ये तो आला. ठोकळे आणि सरस एवढ्यावर तो घरीच करता येतो, हे त्याच्या पथ्यावर पडलं. १९६१मध्ये जॉन कॉनवे आणि मायकल गाय या गणितींनी हातानेच सगळ्या रचना मोजल्या: २४०, फिरवलेल्या आणि आरशातल्या वगळून. असं मोजता येतं, कारण तुकड्यांना मनमानी करता येत नाही. घनाला कोपरे आठ. इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा एकतर दोन कोपरे व्यापतो, नाहीतर एकही नाही. लांब एल जास्तीत जास्त दोन आणि उरलेले पाच प्रत्येकी फार तर एक. म्हणजे टीने कोपरे सोडले, तर बाकीच्यांची मजल सातापर्यंतच. सबब टीची लांब बाजू प्रत्येक उत्तरात घनाच्या कडेवरच येणार. हे कळलं की निम्मी झटापट वाचते.

पुढे हौशींचे संग्राहक झाले. जेरी स्लोकम यांच्या बेव्हर्ली हिल्सच्या घरी १९७८मध्ये संग्राहकांचा मेळा भरला, तो दरवर्षी देशोदेशी भरू लागला. त्यांची ३०,०००हून अधिक कोडी आता इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयाकडे आहेत. जाणकार लाकडाची जात पाहतातच, पण आधी माप पाहतात: एखादा ठोकळा केसभर जाड निघाला, तरी शेवटचा तुकडा आत जात नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, ते वेगळंच.

आता कोणत्याही तुकड्यांची उत्तरं संगणक शोधून देतो, म्हणून एकाच उत्तराच्या कोड्यांचं कौतुक वाढलंय. मला ते फारसं पटत नाही. १३ तुकड्यांच्या ४×४×४ बेडलॅम घनाची उत्तरं १९,१८६ आहेत, आणि तरी त्यातलं एक सापडेपर्यंत भल्याभल्यांची संध्याकाळ जाते.