आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचण्यांवर आधारित संशोधन

निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांच्या गणित व विज्ञानातील संपादणुकीची एकाच चाचणीने मोजणी करून मिळालेल्या आकडेवारीवर होणारे शैक्षणिक संशोधन. याची सुरुवात १९६४ मध्ये १२ देशांत झालेल्या गणिताच्या पाहणीने झाली. आज त्याचा मुख्य आधार दोन चाचण्या आहेत. १९९५ पासून दर चार वर्षांनी होणारी ‘टिम्स’ चौथी व आठवीच्या वर्गांत शाळेत शिकवलेले किती आले ते पाहते. २००० मध्ये सुरू झालेली ‘पिसा’ १५ वर्षांच्या मुलांना शिकलेले नव्या प्रसंगी वापरता येते का, हे तपासते.

निकाल लागताच वर्तमानपत्रांत देशांचे क्रमांक झळकतात. पण संशोधनाच्या दृष्टीने तो या आकडेवारीचा सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. खरे मोल आहे ते गुणांसोबत गोळा केलेल्या घर, शाळा, शिक्षक आणि आवडीनिवडींच्या माहितीला. उदाहरणार्थ, जवळपास प्रत्येक देशात आत्मविश्वास असलेली मुले अधिक गुण मिळवतात. देशांच्या सरासऱ्या शेजारी मांडल्या की मात्र चित्र उलटते: जपान, दक्षिण कोरिया यांसारख्या अव्वल देशांतली मुले स्वतःला गणितात कच्ची समजतात. त्यामुळे देशांच्या सरासरीवरून एखाद्या विद्यार्थ्याबद्दल अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

ही आकडेवारी हाताळणे सोपे नाही. प्रश्न अनेक पुस्तिकांत विभागलेले असतात आणि प्रत्येक मूल त्यांतली एकच पुस्तिका सोडवते. म्हणून एकच नेमका गुण न देता त्याच्या क्षमतेची अनेक संभाव्य मूल्ये काढली जातात. टिम्समध्ये ती पाच असतात. त्यांची आधीच सरासरी काढून पुढचे गणित करणे ही नेहमीची चूक आहे, कारण त्यामुळे अनिश्चितता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. प्रत्येक मूल्यावर स्वतंत्र विश्लेषण करून शेवटी निष्कर्ष एकत्र करायचे असतात.

कार्यकारणभाव सिद्ध करणे याहून अवघड, कारण तीच मुले पुढच्या फेरीत पुन्हा भेटत नाहीत. यावर संशोधकांनी काढलेली एक वाट फार सुंदर आहे. एकाच मुलाची गणित आणि विज्ञान या दोन्हींत परीक्षा होते. तेव्हा दोन विषयांतील गुणांचा फरक घेतला की घरची परिस्थिती, सर्वसाधारण हुशारी यांसारख्या दोन्हींकडे समान असणाऱ्या गोष्टी वजा होतात. अर्थशास्त्रज्ञ व्हिक्टर लावी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिसाच्या आकडेवारीवर, वाचनासह तिन्ही विषयांची तुलना करत, हीच रीत वापरली आणि तासिका वाढल्या की गुणही वाढतात असे दाखवले. एखाद्याच विषयाकडे असलेला मुलाचा ओढा मात्र या वजाबाकीत जात नाही. शिक्षकांचा प्रभाव अभ्यासायचा असेल तर टिम्स अधिक सोयीची पडते: तिच्यात अख्खे वर्ग निवडले जात असल्याने मुलांची जोडी त्यांच्याच गणित-विज्ञानाच्या शिक्षकांशी लावता येते. पिसात मुले शाळाभरातून निवडली जातात, त्यामुळे तशी जोडी जुळत नाही.